देवापुढे बसले की मनात हिशेबच येतात

वाचक भगिनीचे पत्र :

सप्रेम नमस्कार. माझे वय 47 आहे. लग्न होऊन भोसरीला आले आणि तिथेच 24 वर्षे संसार केला. यजमान एका कारखान्यात सीएनसी मशीनवर होते. मागच्या दिवाळीनंतर कारखाना बंद झाला आणि त्याच महिन्यात गावी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. भाड्याचे घर सोडून आम्ही कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. मुलाने साताऱ्याला डिप्लोमासाठी प्रवेश घेतला आहे. यजमान आता 53 वर्षांचे आहेत. ते दिवसभर ओट्यावर बसून असतात आणि फारसे बोलत नाहीत. माझ्या माहेरी वारी आहे. भोसरीला असताना आमचे भजनी मंडळ होते, आळंदीहून पालखी निघाली की मी दरवर्षी पुण्यापर्यंत चालत जात असे. आता पूजेला बसले की देव बाजूला राहतो आणि मनात औषधांचे, फीचे, किराण्याचे हिशेब सुरू होतात. जाऊबाई म्हणतात, ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे, तुमचा विश्वास कमी पडतो म्हणून तुम्हाला काळजी वाटते.’ एका नातेवाइकांनी घराला दोष आहे असे सांगून 35 हजारांची शांत करायला सुचवले आहे. मुलगा विचारतो, ‘आई, तू एवढे केलेस, मग देवाने आपले असे का केले?’ मला उत्तर देता येत नाही. माझ्या हातून काही चुकले असेल का? माझी श्रद्धा खरेच कमी पडते आहे का? आणि या अवस्थेत सासूबाईंना सोडून एखादा दिवस वारीला जावे की जाऊ नये?

— एक वाचक, जि. सातारा

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे त्यात अडकले आहे. तुमची श्रद्धा कमी पडलेली नाही. एका वर्षात नवऱ्याची नोकरी गेली, चोवीस वर्षांचे बिऱ्हाड मोडले, घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आले आणि ज्यांच्यासोबत टाळ वाजवत होतात त्या बायका ऐंशी-नव्वद मैलांवर राहिल्या. अशा वेळी देवापुढे बसल्यावर औषधांचा हिशेब आठवला नसता तरच मला तुमची चिंता वाटली असती. काळजी म्हणजे अविश्वास, हे समीकरण तुमच्या मनात कोणी तरी घालून दिले आहे आणि ते वारकरी परंपरेतले नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

तुमच्या माहेरी वारी आहे म्हणता, तेव्हा पालखीतली समाज आरती तुम्ही निदान ऐकून असाल. पुण्यापर्यंत चालणाऱ्यांना ती बहुधा पाहायला मिळत नाही, म्हणून थोडी तपशिलाने सांगतो. माउलींची पालखी संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर येते, सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार हातातला दंड उंच करतात आणि क्षणात सगळा तळ शांत होतो. पण ज्या दिंडीला काही तक्रार मांडायची असेल, पाण्याचा टँकर आला नाही, जागा मिळाली नाही, वाटेत कोणाशी वाद झाला, ती दिंडी टाळ वाजवणे थांबवत नाही. सगळे गप्प आणि एकाच कोपऱ्यातून टाळांचा आवाज येतो आहे, असे ते दृश्य असते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, म्हणणे ऐकून घेतात, हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात आणि त्यानंतरच आरती होते. मला या प्रथेचे फार मोल वाटते. गाऱ्हाणे असलेल्या माणसाला तिथे ‘तुझी भक्ती कच्ची’ असे कोणी म्हणत नाही. त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेईपर्यंत देवाची आरती खोळंबते.

तुमच्या मनातले हिशेब हे त्या न थांबणाऱ्या टाळांसारखे आहेत असे समजा. त्यांना दाबून पूजा ‘शांतपणे’ उरकण्याचा आटापिटा सोडून द्या. उद्या सकाळी देवापुढे बसाल तेव्हा हिशेबच मोठ्याने सांगा : सासूबाईंच्या गोळ्या इतक्याच्या, मुलाचा बसचा पास इतक्याचा, बँकेत शिल्लक इतकी, आणि यजमान माझ्याशी बोलत नाहीत. विठ्ठलाला यातले काहीही नवे नाही. तुकोबांनी तर ‘माझे लेखी देव मेला, असो त्याला असेल’ इथपर्यंत मजल मारली होती आणि जनाबाईंनी विठोबाला दिलेल्या शिव्या आजही कीर्तनात प्रेमाने गायल्या जातात. इतके बोलण्याचा अधिकार माणूस परक्यापुढे गाजवत नाही, ज्याच्यावर भार टाकता येतो अशा आपल्या माणसापुढेच गाजवतो.

आता जाऊबाईंनी ऐकवलेल्या अभंगाविषयी. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असू द्यावे समाधान’ ही ओळ आपल्याकडे दुसऱ्याला गप्प बसवण्यासाठी इतकी वापरली गेली आहे की पुढचा अभंग ऐकण्याची कोणाला गरजच वाटत नाही. त्याचा शेवट असा आहे : ‘तुका म्हणे घालू तयावरी भार, वाहू हा संसार देवा पायी’. संसार टाकून द्यावा किंवा हातावर हात ठेवून बसावे, असे तुकोबा तिथे म्हणत नाहीत. संसार वाहायचाच आहे, फक्त त्याच्या शेवटाची जबाबदारी एकट्याच्या डोक्यावर घ्यायची नाही. आणि हे सांगणारा माणूस कोण होता ते जाऊबाईंना जरूर सांगा. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, गावात पत राहिली नाही. ‘दुष्काळे आटिले द्रव्ये नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली’ असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे त्यांनी देहूचे पडके देऊळ नीट करायचे मनावर घेतले, आणि परंपरा सांगते की घरातली कर्जखते भावाबरोबर वाटून घेऊन आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. समाधानाचा उपदेश करणाऱ्या या माणसाने उद्ध्वस्त झाल्यानंतर आधी काही तरी हाताने उभे केले आणि आपल्यासारख्याच नाडलेल्यांची देणी माफ केली. दुसऱ्याच्या दुःखात त्याचा अभंग फेकून मारणे त्याला रुचले असते असे मला वाटत नाही.

तुमच्या हातून काय चुकले, हा प्रश्न मात्र मला सर्वांत जास्त लागला, कारण त्यामागे असा देव आहे जो राहिलेल्या एकादशीची नोंद ठेवतो आणि वर्षअखेरीस वसुलीला येतो. तुमचा कारखाना बंद पडला तो मालकांच्या, बाजाराच्या आणि ऑर्डरींच्या गणितामुळे. सासूबाईंना झटका आला तो मेंदूला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिनीत काही बिघडल्यामुळे. या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात आल्या म्हणून त्यांना एकच कारण असले पाहिजे असे मनाला वाटते, आणि नेमक्या त्याच वाटण्यावर घराचा दोष काढणाऱ्यांचा व्यवसाय चालतो. आपल्या संतांची चरित्रे पाहा. चोखोबांसारखा भक्त शोधून सापडणार नाही; माणसांनी त्यांना देवळाच्या आत येऊ दिले नाही, आणि 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करत असताना भिंत कोसळून ते तिच्याखाली गेले. भिंत पडली म्हणून त्यांच्या भक्तीत खोट होती असे म्हणण्याचे धाडस कोणी करेल का? त्यांची समाधी आज पंढरपूरला महाद्वारात, नामदेव पायरीपाशी आहे. विश्वास ठेवणाऱ्याच्या अंगावर भिंत पडत नाही, असे आश्वासन आपल्या परंपरेने कधीच दिलेले नाही.

म्हणून 35 हजारांची शांत करू नका. हे मी सल्ला म्हणून नव्हे, आग्रहाने सांगतो आहे. ‘नवसे कन्यापुत्र होती, तरी का करणे लागे पती’ असे रोखठोक विचारणाऱ्या तुकोबांच्या वारीत तुम्ही चालला आहात. ती रक्कम सासूबाईंसाठी घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टवर खर्च करा. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत व्यायामाचा उपयोग सर्वाधिक होतो, नंतर तो उत्तरोत्तर कमी होत जातो, त्यामुळे तिथे उशीर करणे परवडणारे नाही. सुचवणारे नातेवाईक वडीलधारे असतील तर वाद घालू नका, ‘आम्ही घरात हरिपाठ लावला आहे, तेवढे पुरे’ इतकेच नम्रपणे सांगा.

यजमानांविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण मला त्या ओट्यावरच्या माणसाची काळजी तुमच्याइतकीच वाटते. चोवीस वर्षे ज्याच्या हाताखाली मशीन चालले, त्याला सकाळी उठून कुठेच जायचे नाही, हे दुःख पैशाच्या दुःखापेक्षा वेगळे असते आणि पुरुष ते बोलून दाखवत नाहीत. ‘देवावर सोडा’ असे त्यांना म्हणू नका. त्यांच्यासोबत बसून एकदा कागद बाहेर काढा. त्यांची 10 वर्षांहून अधिक नोकरी झालेली असल्याने ते कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेच्या पेन्शनला पात्र असणार. ही पेन्शन 58 व्या वर्षी पूर्ण मिळते. वयाच्या पन्नाशीनंतर ती आधीही घेता येते, पण 58 ला जितकी वर्षे बाकी असतील तितकी दरवर्षी 4 टक्के या दराने ती घटते आणि ही घट कायमची असते. तेव्हा घाबरून लगेच अर्ज करण्यापेक्षा आधी सातारा एमआयडीसीत काम मिळते का ते पाहावे, पगार पूर्वीपेक्षा कमी असला तरी चालेल असे धरून पाहावे, आणि पेन्शनचा निर्णय त्यानंतर घ्यावा, असे माझे मत आहे. एवढी चौकशी करणे हा विश्वासाचा अभाव नव्हे. दिंडीत लोक नाम घेत निर्धास्त चालतात ते कोणी तरी महिनाभर आधी भिशी गोळा केली, तंबूचा ट्रक ठरवला आणि सिलिंडर भरून घेतले म्हणूनच. ते करणाराही वारकरीच असतो.

त्यांची झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, जगण्यात राम नाही अशा अर्थाचे काही ते बोलले असतील, तर मात्र वाट पाहू नका. 14416 हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे, तिथे फोन केला तर मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. डॉक्टरांकडे जाणे आणि देवावर भार टाकणे यांत मला कधीच विरोध दिसलेला नाही.

सासूबाईंच्या सेवेमुळे पूजा-पारायणाला वेळ उरत नाही, हे तुम्ही स्पष्ट लिहिले नसले तरी पत्रातून जाणवते. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पाठ कोरडी ठेवायची, घास मऊ करून भरवायचा, यात दिवस कसा सरतो ते ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. जनाबाईंचे नाव घरोघरी घेतात आणि सुनेला सांगतात की बघ, ती दळण-कांडण करता करता नाम घेत होती. ते खरेच आहे, आणि तुम्हीही सासूबाईंची पाठ पुसताना पुटपुटलेला एक अभंग तासाभराच्या पारायणाइतकाच मोलाचा माना. पण जनाबाईंच्या अभंगांतली दुसरी गोष्ट सांगायची राहून जाते : तिथे पांडुरंग जात्याला हात लावतो, केर भरतो, शेणी वेचतो. तिने एकटीने सगळे निमूट वाहिले असे त्या अभंगांत कुठेही नाही. तिच्या कामाला हात लावायला कोणी तरी आले, हेच तर ती गाते. तुमच्या घरातही दोन धडधाकट पुरुष आहेत. सासूबाई या यजमानांच्या आई आहेत. रात्रीची दोनदा कूस बदलण्याचे आणि सकाळच्या व्यायामाचे काम त्यांच्याकडे द्या. तुमच्या पाठीला विसावा मिळेल, आणि ओट्यावर बसलेल्या माणसाला सकाळी उठण्यासाठी कारण मिळेल. हे मागताना संकोच करू नका. मदत आपोआप चालून यावी अशी वाट पाहत राहणे आणि ती न आल्यावर मनात कुढणे, यात बायकांची उभी वर्षे जातात.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्यापाशी नाही, तसे ते माझ्यापाशीही नाही, आणि ते आहे असे भासवणाऱ्यांपासून त्याला दूर ठेवा. या वयाच्या मुलाला खोटे उत्तर लगेच ओळखू येते आणि त्यानंतर तो खरी गोष्टही ऐकत नाही. त्याला सांगा : ‘मलाही कळत नाही, मीही रोज तेच विचारते.’ त्याने पूजेला बसावे, गंध लावावे म्हणून सध्या आग्रह धरू नका. आई रोज तक्रार करते आणि तरीही रोज दिवा लावते, हे तो पाहतो आहे. त्याला पुढे काय वाटेल ते त्याचे तो ठरवेल. एक मात्र करा, घरच्या अडचणीचा आकडा त्याच्यापासून लपवू नका. अर्धवट कळलेल्या संकटाची धास्ती मुलांना जास्त असते.

आणखी एक गोष्ट तुम्ही मागितलेली नाही, तरी सांगतो. तुम्ही पैशापेक्षाही भजनी मंडळाला मुकला आहात. विश्वास ही एकट्याने देवघरात बसून टिकवायची गोष्ट आहे, असा समज शहरातल्या बंद दारांनी आपल्याला दिला आहे. वारकऱ्यांनी तो कधी मानला नाही, म्हणून तर ते पंढरीला एकेकटे न जाता दिंडीने जातात. एकट्या माणसाचे मन खचले की त्याला सावरायला कोणी नसते. चार जणींत एकीचा आवाज बसला तरी भजन चालू राहते आणि तिने दोन दिवस नुसते ऐकले तरी कोणी काही म्हणत नाही. तुमच्या भागातल्या बहुतेक गावांत संध्याकाळी देवळात हरिपाठ असतो. चोवीस वर्षे बाहेर राहून आल्यामुळे आपण तिथे परक्या आहोत असे तुम्हाला वाटत असेल, पण हरिपाठाला जाऊन मागच्या रांगेत बसायला कोणाच्या ओळखीची गरज लागत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी यजमान किंवा मुलगा आजींपाशी थांबतील असे ठरवून घ्या आणि अर्धा तास जा. तुमच्या गावात हरिपाठ बंद पडला असेल तर शेजारच्या दोघी-तिघींना घरीच बोलवा, आणि सासूबाईंच्या खाटेजवळ बसून म्हणा. झटक्याने वाचा अडलेल्या काही रुग्णांना बोलता येत नसले तरी पाठ असलेल्या गाण्याचे शब्द जिभेवर येतात, असे डॉक्टरही सांगतात.

राहिला वारीचा प्रश्न. जरूर जा, एक दिवस जा. आता तुम्ही पालखीच्या वाटेच्या जवळ राहायला आला आहात हे तुमच्या लक्षात आले नसावे. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, पादुकांना नीरास्नान घडते आणि पुढचा मुक्काम लोणंदला असतो. कोरेगाव आणि लोणंद दोन्ही पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहेत, एसटीही आहे. भोसरीहून तुम्ही आळंदी ते पुणे चालत होतात, तशा यंदा लोणंद ते तरडगाव चाला. वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते, तेही पाहायला मिळेल. मात्र मुक्काम किती दिवसांचा हे तिथींप्रमाणे बदलते, म्हणून वेळापत्रक आल्यावरच दिवस पक्का करा.

सासूबाईंसाठी त्या दिवसाची सोय आठ दिवस आधी लावा. नणंदेला किंवा जाऊबाईंनाच बोलवा. अभंग ऐकवणाऱ्या जाऊबाई एक दिवस नक्की थांबतील, तसे त्यांना मोकळेपणाने विचारा. गोळ्यांच्या वेळा, कूस बदलण्याच्या वेळा आणि डॉक्टरांचा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खाटेजवळच्या भिंतीला लावा, आणि तो कागद आदल्या संध्याकाळी यजमानांकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या. मुलाला सुट्टी असेल आणि त्याची इच्छा असेल तर त्याला सोबत न्या; नाही म्हणाला तर त्याला आजीपाशी राहू द्या. निघताना सासूबाईंना सांगून निघा, आणि त्यांच्या वतीनेही पादुकांवर डोके टेकवा.

आपला,
सदरलेखक